हरवलं तर किती देणार?

परीक्षा संपत आल्या की हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये खोके दिसायला लागतात. किराणा दुकानातून मागून आणलेले, बिस्किटांचे, तेलाच्या पाकिटांचे. तीन-चार वर्षांत जमवलेला संसार गावी न्यायचा असतो, रूम दोन दिवसांत रिकामी करायची असते आणि तिकीट अजून वेटिंगवर असतं. मग ग्रुपवर मेसेज पडतो, 'कुणाला चांगला कुरिअरवाला माहितेय का? स्वस्तातला सांगा.' दोन नंबर येतात. त्यातला जो कमी सांगेल, त्याच्याकडे खोके जातात. एवढ्यावर आपली निवड संपते.

आमचं म्हणणं असं आहे की 'किती घेणार?' हे विचारायच्या आधी 'हरवलं तर किती देणार?' हे विचारा. बघा, काउंटरवरचा माणूस क्षणभर गप्प होतो की नाही. हा प्रश्न त्याला फारसं कुणी विचारत नाही, कारण पार्सल हरवणं हे नेहमी दुसऱ्याच्या बाबतीत घडतं असं आपण धरून चालतो.

उत्तर खरं तर तुमच्या हातात असलेल्या पावतीवरच छापलेलं असतं. बारीक इंग्रजीत, बहुतेक वेळा मागच्या बाजूला. माल हरवला किंवा फुटला तर कंपनीची जबाबदारी अमुक रुपयांपुरतीच, असं एक कलम तिथे असतं. ते गंमत म्हणून छापलेलं नसतं. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हेच सांगितलं. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत म्हणून ग्राहकाने भरपाई मागितली होती. राज्य आयोगाने चार लाखांहून जास्त रक्कम मंजूर केली, पण पावतीवर मर्यादा होती 100 डॉलरची. सही केली आहे, म्हणजे अट मान्य केली आहे, असं धरून शेवटी 100 डॉलरच कायम राहिले. एका मोठ्या निर्यातदार कंपनीची ही गत झाली, तर आपल्या स्पीकरचं आणि इस्त्रीचं काय होईल, विचार करा.

या मर्यादेतून बाहेर पडायचा एक रस्ता कायद्यातच आहे, आणि तो आपण स्वतःच बंद करून टाकतो. रस्ते मालवाहतूक कायदा 2007 हा ट्रकवाल्यांइतकाच कुरिअर एजन्सीलाही लागू आहे. त्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार नुकसानीची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते, पण तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त कधीच नाही. त्यापेक्षा जास्त हमी हवी असेल तर मालाची किंमत लिहून द्यायची आणि जादा दर भरायचा. आता आठवा, 'आत काय आहे?' असं विचारल्यावर आपण काय सांगतो? 'काही नाही हो काका, जुने कपडे.' किंमत? 'पाचशे लिहा.' त्या पाचशेच्या खोक्यात बारा हजारांचा मॉनिटर असतो. शंभर-दोनशे वाचवल्याचा आनंद आपल्याला होतो आणि मॉनिटर गेला तर कागदावर फक्त जुने कपडे गेलेले असतात.

पोस्टाचंही सांगायला हवं, कारण 'सरकारी आहे, भरवशाचं आहे' म्हणून आपण तिथे काहीच विचारत नाही. स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू देशात हरवली तर भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. वस्तू महाग असेल तर बुकिंग करतानाच विमा काढायला सांगायचं, नाहीतर हिशोब या दोन आकड्यांतच बसतो. तरीही, घरच्या पत्त्यावर पार्सल पाठवायचं असेल तर आमचं मत पोस्टाच्या बाजूने आहे. कारण साधं आहे. देशात 1 लाख 64 हजारांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत आहेत. खासगी कंपनीचं ॲप पुण्यात चकाचक चालतं, पण तुमचं घर अक्कलकुव्यात किंवा भामरागडात असेल तर पिनकोड टाकल्यावर खरी परिस्थिती कळते. एकतर 'सेवा उपलब्ध नाही' असं येतं, नाहीतर 'ओडीए' नावाचा जादा आकार लागतो, नाहीतर तालुक्याच्या फ्रँचायझीतून फोन येतो, 'येऊन घेऊन जा.' तुमच्या बाबांना साठ किलोमीटर एसटीने जाऊन खोका डोक्यावरून आणावा लागणार असेल तर त्या 'डोअर डिलिव्हरी'ला काय अर्थ आहे? म्हणून कंपनी इथे किती मोठी आहे यापेक्षा तिची तुमच्या तालुक्यातली शाखा कशी आहे, हे घरच्यांनाच विचारा. गावात तो माणूस सगळ्यांना माहीत असतो.

आता वजनाची गंमत. आपण बाथरूममधल्या काट्यावर खोका ठेवून 'चार किलो भरलं' म्हणतो आणि काउंटरवर बिल पंधरा किलोचं येतं. माणूस फसवत नसतो. विमानात किंवा गाडीत तुमचा खोका जागा किती अडवतो, त्याचेही पैसे असतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारण 5000 ने भागायचं. रस्त्याने पाठवताना काही कंपन्या भागाकाराचा आकडा वेगळा धरतात, तो विचारून घ्या. हे आलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. गिटारचा खोका 110 बाय 45 बाय 15 असेल तर उत्तर येतं 14.85 किलो. आतली गिटार असते दोन-तीन किलोची. सहा फुटी, तीन फूट रुंद, चार इंची गादी याच हिशोबाने बत्तीस किलोच्या पुढे जाते, त्यामुळे गादी कुरिअर करण्याचा विचारही करू नका. ज्युनियरला विका, नाहीतर देऊन टाका. पुस्तकांचं बरोबर उलटं आहे. ती जागा कमी घेतात आणि काट्यावर जीव काढतात.

पुस्तकांसाठी पोस्टाने 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, आणि ते अजून बऱ्याच कॉलेजांत कुणाला माहीतही नाही. छापील शैक्षणिक पुस्तकं पाच किलोपर्यंत पाठवता येतात. 300 ग्रॅमला 20 रुपये आणि पूर्ण पाच किलोला 100 रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून थोडं सावकाश जातं, पण ट्रॅकिंग मिळतं. एमपीएससीच्या पुस्तकांचा ढीग पाच-पाच किलोचे गठ्ठे करून पाठवला तर खिशाला फारसं कळणारही नाही. हाताने लिहिलेल्या नोट्स मात्र यात घालू नका, त्या साध्या पार्सलमध्ये जाऊ द्या.

बाईक असेल तर कुरिअरच्या वाटेला न जाता रेल्वेचं पार्सल ऑफिस गाठा. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि गाडी नीट गुंडाळून द्यावी लागते. पोचल्यावर लगेच सोडवून घ्या, कारण मुदतीनंतर स्टेशनावर पडून राहिलेल्या मालाला व्हार्फेज म्हणजे जागेचं भाडं लागतं. कपाट-टेबल असलं सामान तीन-चार जणांनी मिळून ट्रान्सपोर्टने पाठवणं परवडतं, पण तिथे बिल्टी घेतल्याशिवाय हलायचं नाही, आणि डिलिव्हरी गोडाऊनपर्यंत की घरापर्यंत, हमाली कुणाची, हे आधी ठरवून त्या बिल्टीवर लिहून घ्यायचं. तोंडी 'होऊन जाईल' म्हणजे काहीच होत नाही. आणि रेल्वेने स्वतःच जाणार असाल तर स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो सामान फुकट नेता येतं, हे आपण विसरूनच जातो.

काही वस्तू मात्र कुणाच्याच हवाली करू नयेत. लॅपटॉप, मूळ मार्कशीट, डिग्री, आणि आर्किटेक्चरवाल्यांची मॉडेल. यांची भरपाई कुठल्याच कलमात बसत नाही. पॉवरबँक आणि परफ्यूमही खोक्यातून काढून ठेवा, विमानाने जाणाऱ्या पार्सलमध्ये त्यांच्यावर कडक बंधनं असतात आणि त्यांच्यापायी अख्खा खोका अडकतो.

पार्सल अडकलं की आपण लगेच सर्च करतो 'अमुक कुरिअर कस्टमर केअर'. इथे सांभाळा. वर दिसणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात. 'पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा' असं म्हणत लिंक येते आणि पाचाऐवजी खातं रिकामं होतं. नंबर पावतीवरचाच लावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा.

कॉलेजांकडूनही आमची एक मागणी आहे. दरवर्षी त्याच आठवड्यात शेकडो मुलं रूम सोडतात, हे रेक्टर सरांना आधीच माहीत असतं. मग जवळच्या पोस्टाशी बोलून दोन दिवस कॅम्पसवरच बुकिंगचं टेबल का लावता येऊ नये? वजनकाटा, खोके, टेप आणि एक माणूस, यापेक्षा जास्त काही लागत नाही. फ्रेशर्स पार्टीसाठी जेवढ्या मीटिंगा होतात त्यातली एक यासाठी पुरेल. आणि कुरिअर कंपन्यांनी ते जबाबदारीचं कलम मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात काउंटरवर लावावं. दराचा तक्ता लावता येतो, तर हाही लावता येईल.

एवढं करूनही खोका आलाच नाही, किंवा फुटून आला, तर? फुटून आला असेल तर सही करताना त्याच कागदावर 'खोका फाटलेला मिळाला' असं लिहा आणि फोटो काढा. पॅक करतानाचे फोटो असतील तर आणखी बरं. कंपनीला लेखी तक्रार द्या. रस्ते वाहतुकीच्या कायद्याने दावा करण्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस देणं बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि ऑनलाइन अर्जासाठी ई-जागृती पोर्टल आहे. सगळ्यात सोयीचं म्हणजे, 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात बुक केलेल्या खोक्यासाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही, घरी बसून आपल्या जिल्ह्यात भांडता येतं. फक्त ती पावती तेवढे दिवस सापडली पाहिजे, आणि थर्मल कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडू शकते. काउंटरवरून निघायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.