दहा रुपयांचे ताट

स्वतःच्या खिशातले पैसे मोजून तुम्ही कधी घराबाहेर पोटभर जेवला आहात का? लग्नातली दावत यात धरू नका.

2021 च्या नोव्हेंबरात मी एका मुलाखतीसाठी सोलापूरहून मुंबईला गेलो होतो. करोनाच्या काळात माझ्या शिकवण्या बंद पडल्या होत्या. घर अब्बांच्या यंत्रमागावरच्या मजुरीवर चालत होते. अम्मीने बांधून दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी सकाळीच संपली. दुपारी एका हॉटेलाबाहेरची दरांची पाटी वाचली आणि पुढे निघालो. (पाटी वाचायला पैसे पडत नाहीत!) जवळच शिवभोजन केंद्र दिसले. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात.

ही योजना राज्य सरकारने 26 जानेवारी 2020 रोजी सुरू केली. शहरात एका थाळीची किंमत 50 रुपये धरलेली होती. त्यांपैकी 40 रुपये सरकार केंद्रचालकाला देई. टाळेबंदीत थाळी 5 रुपयांना मिळू लागली. 2021 मध्ये काही महिने तर ती मोफत होती.

मी दाराशीच घुटमळलो. आपण बी.एड. झालेले, इथे कसे बसावे? तेवढ्यात बाकावरचा एक हमाल सरकला आणि म्हणाला, "बसा भाऊ, वरण गरम आहे." खरेच, वरण गरम होते. मी आनंदाने जेवलो.

अशा जेवणाने लोक आळशी होतात, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे जेवणारे सगळे कामावरून आलेले होते आणि परत कामावरच जाणार होते. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार घरगुती खानावळींत जेवत. बायकामुले गावी असत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या कामगारांना कोणी आळशी म्हणेल का? महागड्या शहरात कमी पैशांत जेवायला मिळाले, तरच गरीब माणूस तिथे टिकून काम करू शकतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. थाळी देताना जेवणाऱ्याचे नाव लिहून मोबाईलवर त्याचा फोटो काढत. खोट्या थाळ्या दाखवून कोणी पैसे उकळू नयेत, म्हणून ही व्यवस्था होती. हिशेब हवाच. पण पैसे देऊन जेवणाऱ्या माणसाचा फोटो कशाला? मोठ्या हॉटेलात असा फोटो कोणी काढू देईल का? माझा फोटो काढला तेव्हा मी मान खाली घातली होती.