खोडलेला बिंदू

निरनिराळ्या तापमानांस पाण्याची घनता किती असते, याचा आलेख काढण्यासाठी आमचा भाचा गेल्या रविवारी माझ्याकडे येऊन बसला होता. सुरतेच्या गुजराती शाळेत शिकणारा हा मुलगा. परंतु ‘घनता’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे आमचे संभाषण अडले नाही.

उभा अक्ष त्याने शून्यापासून आरंभिला होता. परिणामी सारे बिंदू कागदाच्या माथ्यावर एका आडव्या ओळीत जाऊन बसले. “मामा, पाणी तापवले तरी घनता बदलतच नाही!” हा त्याचा निष्कर्ष. तोच अक्ष 990 ते 1000 असा घेताच रेषा झुकली. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान 10 अंश सेल्सिअसला 999.70 किलोग्रॅम, 20 अंशांस 998.21, 30 अंशांस 995.65 आणि 40 अंशांस 992.22 असते. म्हणजे पाणी जितके उष्ण, तितका उतार अधिक तीव्र.

शून्य अंशाचा आकडा मात्र 999.84 आणि 4 अंशांचा 999.97! चढून मग उतरणारी ही रेषा पाहून, आपलेच काही चुकले असे समजून त्याने 4 अंशांचा बिंदू खोडून टाकला.

मी त्याला काश्मीरच्या दल सरोवराची गोष्ट सांगितली. कडक हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो. पण 4 अंशांच्या आसपासचे पाणी सर्वांत जड म्हणून तळाशी राहते, आणि हलके बर्फ वर तरंगते. त्या आच्छादनाखाली मासे जगतात. खोडलेल्या बिंदूचे हे मोल!

आपल्या तापीकाठी बर्फ नाही. तेथे मिठाचा प्रभाव. 30 अंशांस नदीचे पाणी घनमीटरला सुमारे 996 किलोग्रॅम, तर समुद्राचे सुमारे 1022. वीस अंशांचे पाणी तीस अंशांवर नेल्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या दसपट हा फरक आहे. म्हणून भरतीचे खारे पाणी गोड्या पाण्याखालून आत शिरू पाहते, आणि सिंगणपोरचा बंधारा त्यास अडवितो.

भाच्याने मुकाट्याने पेन्सिल उचलली व तो बिंदू पुन्हा काढला. वाचकहो, आपल्या मुलांच्या वहीत असा एखादा अवघड बिंदू आढळल्यास रबर देण्यापूर्वी आकडे एकदा पुन्हा पडताळून पाहावेत.