द्रौपदीचा प्रश्न आणि विधी महाविद्यालये

विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत स्पर्धकांच्या हाती एक छापील कागद दिला जातो. त्यावर सर्व घटना आधीच ठरवून दिलेल्या असतात. त्यांविषयी वाद घालायचा नाही, वाद फक्त कलमांचा. प्रत्यक्षात मात्र अशील वकिलाकडे येतो तो कलम घेऊन नव्हे, गोष्ट घेऊन. तीही अर्धवट, मागेपुढे झालेली, राग-भयाने विस्कटलेली. ती ऐकून घेणे, तिचा क्रम लावणे आणि पुराव्यानिशी न्यायासनासमोर उभी करणे हे वकिलीचे निम्मे काम. ते शिकायला मिळते ते बहुधा ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, तेही नशीब असेल तर!

महाभारताच्या देशात ही उणीव असावी, याचे नवल वाटते. द्यूतसभेत येण्यापूर्वी द्रौपदीने प्रातिकामीकरवी पाठविलेला प्रश्न स्मरावा. धर्मराजाने आधी स्वतःला गमावले की तिला? तिने दयेची याचना केली नाही, घटनांचा क्रम विचारला. स्वतः दास झालेल्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा न्यायाचा प्रश्न त्या क्रमातूनच जन्माला येतो. पुढे विकर्णाने भर सभेत तिची बाजू मांडली. द्यूताच्या व्यसनात केलेले कृत्य ग्राह्य नाही, ती पाचही पांडवांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधीच हरला होता आणि तिला पणाला लावण्याचे सुचविले ते शकुनीने. कौरवांपैकीच एकाने प्रतिपक्षाचे वकीलपत्र घेतले म्हणायचे! धर्मज्ञ भीष्मही निर्णय देऊ शकले नाहीत. आपल्या कीर्तनकारांनी हा प्रसंग गावोगावी सांगितला आणि निरक्षर श्रोत्यांनीही त्यावर मनोमन निवाडा दिला.

वेताळपंचविशीत तर कथा संपते तेथेच प्रश्न उभा राहतो आणि राजाला निवाडा द्यावा लागतो. हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० नंतर निवाड्यांवरील प्रश्नोत्तरांतून कायदा शिकविण्यास आरंभ केला, त्याचे कौतुक आपल्याकडील विद्वान आवर्जून करतात. वेताळाचे नाव घेताना मात्र त्यांना संकोच वाटतो.

अर्थात, कथेचा मोह घातकही असतो. १९५९ च्या नानावटी खटल्यात ‘ब्लिट्झ’ने आरोपीची कहाणी भरपूर रंगविली. मुंबईतील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरविला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. गोष्ट साक्षीपुराव्याला बांधलेलीच हवी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. बदललेले क्रमांक पाठ करून घेण्यातच महाविद्यालये समाधान मानणार असतील, तर वसाहतकालीन वळण सुटले असे कसे म्हणावे? सातबारावरून नाव कमी झालेली एखादी विधवा तालुक्याच्या न्यायालयात येते, तेव्हा तिला कलम ठाऊक नसते. फेरफार कोणत्या साली झाला, पती तेव्हा हयात होता काय, अंगठा कोणी घेतला, हे तिला धीराने विचारणारा वकील हवा. अधिवक्ता परिषदेच्या अभ्यासवर्गांनी आणि निवृत्त न्यायाधीशांनी महिन्यातील एक रविवार यासाठी द्यावा. छापील कागद बाजूला ठेवून अशा अशिलाची भूमिका करणारी व्यक्ती विद्यार्थ्यांसमोर बसवावी आणि तिच्या तोंडून ऐकलेल्यावरून दाव्याचा मसुदा त्यांच्याकडून लिहून घ्यावा.