परदेशातला राखणदार

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या भाचीचा इंग्लंडमधल्या स्विंडनहून फोन आला. आवाजावरूनच काहीतरी बिनसले आहे हे कळले. दोघे नवराबायको कामावर गेलेली असताना त्यांचे घर फोडले होते. टीव्ही जागेवर, लॅपटॉप जागेवर. गेले ते फक्त सोने, आणि त्यात माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, पाटल्या होत्या. सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, आईला एवढ्यात सांगू नकोस हां."

चोरीइतकेच मला ते शेवटचे वाक्य लागले. चोरी दुसऱ्याने केली आणि लाज हिला वाटत होती! त्या फोनपासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून आज लिहितो.

ब्रेक्झिटच्या आधीच्या काळात पोर्तुगीज पासपोर्टावर कितीतरी गोंयकार इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये तर आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे. जाताना माणूस लोणचे नेतो, सुके बांगडे नेतो, आणि अंगावरचे सोनेही नेतो. अडीअडचणीला उपयोगी पडेल हा हिशेब आपल्या रक्तातच आहे. पण हा हिशेब चोरांनाही ठाऊक आहे. तिथे दुकानात सर्रास मिळणारे सोने नऊ कॅरेटचे असते, आपले बावीस कॅरेटचे. वितळवले की ओळख पुसली जाते आणि पैसे मात्र पूर्ण हाती येतात. बीबीसीने २०१९ मध्ये पोलिसांकडून मिळवलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत ब्रिटनमध्ये आशियाई कुटुंबांचे सुमारे १४ कोटी पौंडांचे सोने चोरीला गेले होते. म्हणजे माझी भाची काही एकटी नव्हे. त्यात २०२५ मध्ये सोन्याचा भाव औंसाला चार हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा हा मोह कमी होण्याचे काही कारण दिसत नाही.

सणाचे दिवस चोरांना का सोयीचे, तेही पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे एक तास मागे घेतात. आपली दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागे येते. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार, डिसेंबरात तर चारलाच. घरातली माणसे सहा-सातला परतणार. मधल्या वेळात ज्या घरात दिवा नाही त्या घरात माणूस नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही समजते. आणि सणासाठी लॉकरातले दागिने नेमके त्याच आठवड्यात घरी आलेले असतात.

सुट्टी आणि चोर यांचे नाते किती जुळलेले आहे याचे मोठे उदाहरण लंडनच्या हॅटन गार्डनचे. २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या तळघरातल्या लॉकरखोलीची काँक्रीटची जाड भिंत ड्रिलने भोकसून टोळी आत शिरली. टोळीतले बरेचसे साठी-सत्तरी ओलांडलेले म्हातारे! अलार्म वाजला होता, पण पोलीस आले नाहीत. पहारेकरी आला, बाहेरून बघून गेला. चोरी उघडकीला आली ती मंगळवारी, सुट्टी संपल्यावर. म्हणजे अलार्म असून भागत नाही, तो ऐकून दार ठोठावणारा कोणीतरी लागतो. माझा मुख्य मुद्दा हाच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी साध्या गोष्टी. आपल्याकडे दार ओढले, लॅच लागले की झाले. तिथल्या प्लास्टिकच्या चौकटीच्या दारांचे तसे नसते. हँडल वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय त्याचे आतले खिळे चौकटीत बसतच नाहीत. भाचीचे मागचे दार नुसते लोटलेले होते. दिव्याला टायमर लावला तर अंधार पडताच तो आपोआप लागतो, खर्च अगदी थोडा. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवावा, वजन लिहून ठेवावे. हे काम एका रविवारचे आहे, पण नंतर पोलीस आणि विमेवाले पहिल्यांदा तेच मागतात.

विम्याबद्दल तर आपली मंडळी फारच भोळी. घरसामानाच्या बहुतेक पॉलिसींत एकेका मौल्यवान वस्तूला मर्यादा असते. त्यावरची वस्तू वेगळी नोंदवावी लागते. एकाच घरात खोल्या भाड्याने घेऊन चार कुटुंबे राहत असतील, तर कुलूप मोडल्याची खूण नसताना भरपाई मिळणे कठीण. आणि चतुर्थीला किंवा नाताळला दीड महिना गोव्यात येणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे: घर सलग तीस किंवा साठ दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिले तर अनेक पॉलिसींत चोरीचे संरक्षण थांबते. तुम्ही इथे माटोळी बांधत असता आणि तिथे तुमचा विमा झोपलेला असतो.

हे बोललो की काहीजण म्हणतात, "एवढे मिरवायचेच कशाला? परक्या देशात पणत्या नकोत, दागिने नकोत, गुपचूप राहावे." मला हे पटत नाही. सण लपवून करायचा तर घर सोडून इतक्या लांब जाऊन मिळवले काय? पणत्या लावाव्यात, आजीच्या पाटल्या घालाव्यात. फक्त "आम्ही निघालो गोव्याला" असा विमानतळावरचा फोटो त्याच दिवशी फेसबुकवर कशाला? परत गेल्यावर टाका. माटोळीचा फोटो महिन्याने शिळा होत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गावांत राखणदार असतो. रात्री तो काठी आपटत सीमेवरून फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात, रोट देतात. यावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्यामागची समज खरी आहे: वाड्यावर कोणीतरी जागे आहे, आणि त्याची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. परदेशात हे काम शेजाऱ्याने करायचे. पण भाचीला तीन वर्षांत पलीकडच्या इंग्रज म्हातारीचे नावही माहीत नव्हते. चोरीच्या दिवशी त्या म्हातारीने मागच्या अंगणात दोन अनोळखी माणसे पाहिली होती. तिला वाटले, यांचेच कोणी पाहुणे असतील. सांगायला फोन नंबर नव्हता.

दिवाळीचा फराळ आपण कामावर वाटतो, देवळात वाटतो. एक ताटली शेजारच्या दारात नेली असती तर? आणि चोरी झालीच, तर गप्प बसू नये. चोर घरात असेल तर ९९९, नंतर कळले तर १०१. तक्रारीचा क्रमांक घ्यावा, आणि आपल्या माणसांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी सांगावे. एकाने लपवले की दुसऱ्याचे दार उघडे राहते.

भाचीने शेवटी आईला सांगितले. माझी बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच विचारले, "तू घरात नव्हतीस ना? मग पुरे."

यंदा भाची चतुर्थीला येणार आहे. घराची किल्ली त्या म्हातारीकडे ठेवून.