दान नाण्याचे, चौकट कुणाची?

यंत्रमानव चालविण्याचे शिक्षण ही शहरी, धनिक शाळांची चैन आहे, असा समज पद्धतशीरपणे रूढ करण्यात आला आहे. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावच्या मुलाने आधी पाढे पाठ करावेत, यंत्रमानवाचे मागाहून पाहता येईल, हा उपदेश त्याच समजाचे दुसरे टोक होय. दोहोंच्या मुळाशी एकच गल्लत आहे : यंत्र म्हणजेच विद्या!

वस्तुस्थिती निराळी आहे. शाळेच्या पटांगणात खडूने पाच ओळींत पाच-पाच चौकोन आखावेत. एका मुलाने यंत्रमानव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा लिहावी. ‘सरळ चाल, कड आली की उजवीकडे वळ’ एवढीच आज्ञा असेल, तर कोपऱ्यातून निघालेला यंत्रमानव कडेकडेने फिरत राहतो. मधले नऊ चौकोन कोरेच राहतात. आता आज्ञा बदलावी. प्रत्येक पावलाआधी एक रुपयाचे व दोन रुपयांचे नाणे उडवावे. छापा-काट्याच्या चार जोड्या, चार दिशा. कड आडवी आली तर पुन्हा उडवावे. चाल वेडीवाकडी होते, पावले वाया जातात. पण आज ना उद्या प्रत्येक चौकोनाला पाय लागतो. 2002 साली बाजारात आलेले रूम्बा हे झाडू मारणारे यंत्र आरंभी घराचा नकाशा न बाळगता बऱ्याच अंशी अशाच युक्तीवर चालत असे. नाण्यांऐवजी कवड्या टाकून शंभर दाने मोजली, की उपडी आणि उताणी कवडी सारख्याच वेळा पडेल असे नाही, हेही मुलांना उमगते. यदृच्छेलाही गणित असते आणि तिची चौकट माणूसच आखतो, हा त्या खेळाचा खरा धडा. 1967 मध्ये सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली, तीही मुलाने यंत्राला हाकावे, यंत्राने मुलाला हाकू नये, या आग्रहापोटीच.

मग अडते कोठे? 2016 साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळेमागे 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. मात्र सपाट प्रदेशातील शाळेला 1,500 चौरस फूट जागेची अट घातली गेली. ज्याचे कोठार भरलेले, त्यालाच धान्य! गळक्या खोलीत दोन वर्ग भरविणाऱ्या शाळेने ही जागा आणावी कोठून? 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी 50,000 प्रयोगशाळांची घोषणा झाली. आकडा मोठा आहे. पण त्या कोणत्या निकषांवर वाटल्या जातात आणि तेथे शिकविणार कोण, यावरच त्याचे मोल ठरेल. याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा गौरव झाला तो शिक्षकाच्या कल्पकतेचा.

यंत्रमानवाच्या चालीत यदृच्छा जाणूनबुजून घातली जाते. ‘नाही रे’ वर्गातील मुलाच्या शिक्षणातही ती धोरणाने घातली जाते. फरक एवढाच, की तेथे तिला नशीब म्हणतात. हे ढोंग ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत उघडे पाडणे, आधी शिक्षक, मग खोली आणि मग यंत्र हा क्रम सरकारकडून मान्य करून घेणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पटांगणातल्या खेळाला मात्र अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. खडू आणि दोन नाणी करकंबातही मिळतात.