कापले ते जोडणार कोण?

पुरुष नसबंदीचा प्रचार आपल्या देशात नेहमी एकाच थाटात होत आला आहे : काही मिनिटांचे काम, टाका नाही, रुग्णालयात मुक्काम नाही, दोन दिवसांत गडी कामावर हजर. या वर्णनात खोटे काही नाही, परंतु ते अर्धेच आहे. तीच शुक्रवाहिनी पुन्हा जोडावयाची म्हटली की मिनिटांचे तास होतात, सूक्ष्मदर्शक लागतो, केसाहून बारीक धागा लागतो, आणि एवढे करूनही मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही. कापण्यासाठी तालुक्याचे शिबिर पुरते. जोडण्यासाठी मात्र निष्णात शल्यविशारदाच्या शोधात महानगर गाठावे लागते. या विषमतेविषयी आम्हांला बोलावयाचे आहे, आणि तेही केवळ शासनाकडे बोट दाखवून थांबण्यासाठी नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. शुक्रवाहिनी बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या आतला मार्ग मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश इतका. कापलेली दोन्ही टोके शोधून, त्यांवरील व्रणाचा भाग काढून, हा मार्ग मार्गाशी तंतोतंत जुळवावा लागतो. पुष्कळ वर्षे लोटली असतील तर अडथळा आणखी मागे, अधिवृषणात निर्माण झालेला असतो. मग वाहिनी तेथल्या अतिसूक्ष्म नलिकेला जोडावी लागते, आणि ते काम त्याहूनही अवघड. अमेरिकेतील १,४६९ पुरुषांवरील पुनर्जोडणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रजंतू पुन्हा दिसले, आणि ७६ टक्क्यांच्या पत्नींना दिवस गेले. पंधरा वा अधिक वर्षांनंतर हेच प्रमाण अनुक्रमे ७१ आणि ३० टक्क्यांवर आले. अर्थ उघड आहे. गेलेली शक्ती परत मिळू शकते. मात्र प्रत्येक सरत्या वर्षागणिक आशेचा दोर आखूड होत जातो. म्हणूनच या माणसाला दारोदार हिंडविणे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. तो त्याचे मूलच हिरावून घेण्याचा प्रकार ठरतो.

आता इतिहास. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांवर होत्या. ठरविलेले लक्ष्य ४३ लाखांचे होते. शिक्षकाचा पगार, रेशनकार्ड, घराचा गाळा यांची सांगड नसबंदीच्या दाखल्याशी घातली गेली. हरियाणातील उत्तावर गावाला पोलिसांनी वेढा घालून तेथील पुरुषांना शस्त्रक्रियेसाठी नेले. नंतर नेमलेल्या शाह आयोगापुढे अविवाहितांची नसबंदी झाल्याच्या ५४८ तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यूही. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच आपले भाग्य.

१९७७ साली मतदारांनी त्या राजवटीचा हिशोब चुकता केला. परंतु ज्यांच्या देहावर तो हिशोब मांडला गेला होता, त्यांचे पुढे काय झाले? ज्या तत्परतेने शिबिरे भरली, त्या तत्परतेने जोडणीची शिबिरे भरल्याचे आम्हांला कोठे आढळत नाही. लक्ष्य होते ते कापण्याचे. जोडण्याचे लक्ष्य कोणी ठरवावे?

शासनाला हे ऋण कळतच नाही, असेही म्हणता येत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेकडो मुले वाहून गेली. त्यांच्या कित्येक मातांची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. तेव्हा तेथील शासनाने गर्भनलिकांच्या पुनर्जोडणीची मोफत व्यवस्था केली. उत्तम केले. परंतु ज्याचे एकुलते एक लेकरू तापाने दगावले, विहिरीत पडले, रस्त्यावर चिरडले गेले, त्या बापाचे दुःख समुद्र खवळला नाही म्हणून लहान ठरते काय?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. एवढ्या लोकसंख्येच्या देशात जोडणीवर पैसा कशाला? शिवाय त्या गृहस्थाने संमतिपत्रावर सही केलीच होती! या आक्षेपाचे पहिले उत्तर आकडेच देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा एकूण जननदर २.० वर आलेला आहे. काही पुरुषांना पितृत्व परत मिळाल्याने देश बुडणार नाही. त्याच पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. आणीबाणीनंतर पुरुष धास्तावले, आणि सारा भार स्त्रियांच्या पोटावर आला. दुसरे उत्तर असे की, पोट हातावर असलेल्या माणसाने अनुदानाची रक्कम समोर दिसत असताना केलेली सही म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्याचे मृत्युपत्र नव्हे.

आता स्वतःकडे वळू. पोप सहावे पौल यांनी २५ जुलै १९६८ रोजी दिलेल्या ‘ह्युमाने विते’ या विश्वपत्राने स्त्री-पुरुषांच्या थेट वंध्यीकरणाला, मग ते कायमचे असो वा तात्पुरते, नकार दिला. ही शिकवण लग्नपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आपण सांगतो, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु ज्याने तरीही शस्त्रक्रिया करून घेतली आणि आता ज्याला ती उलटवावयाची आहे, त्याला आपण काय देतो? पश्चात्तापाला क्षमा मिळते; जोडणी ही काही क्षमेची अट नव्हे. परंतु क्षमा मिळालेला माणूस चर्चच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा त्याच्या हातात साधा पत्ताही नसतो. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला उपदेश केला नाही. त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेचे पैसे भरले. आपण मात्र अद्याप त्या याजकाच्या आणि लेव्याच्या बाजूने चालत आहोत.

आपल्याला साधने नाहीत, असे कोणी म्हणू नये. १९४३ साली सिस्टर डॉ. मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कॅथोलिक आरोग्यसंघटनेशी आज हजारो संस्था जोडलेल्या आहेत. त्यांतील मोजक्या मोठ्या रुग्णालयांनी जरी सूक्ष्मदर्शक, एक प्रशिक्षित शल्यविशारद आणि गरिबांना परवडेल असा दर एवढी सिद्धता ठेवली, तर आपल्या शिकवणीला हातपाय फुटतील.

याची निकड वेगळ्या कारणानेही आहे. अशा जोडप्याला पुष्कळदा थेट प्रयोगशाळेतील गर्भधारणेचा मार्ग दाखविला जातो. त्यात अडथळा नवऱ्याच्या वाहिनीत असतो. संप्रेरकांची इंजेक्शने मात्र धडधाकट बायकोला घ्यावी लागतात, आणि बीजे काढून घेण्याची शस्त्रक्रियाही तिच्यावरच होते. पत्नीचे वय किंवा लोटलेली वर्षे यांमुळे काही डॉक्टर त्या मार्गाचा प्रामाणिक सल्ला देतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु १९८७ च्या ‘दोनुम विते’ या सूचनापत्राने आखलेली मर्यादा ज्यांना पाळावयाची आहे, त्यांना जोडणीची माहितीच मिळू नये, हा अन्याय आहे. दांपत्याच्या मीलनाची जागा न घेता त्यालाच फलद्रूप करणारा उपचार येथे उपलब्ध आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक पुरुषाला जोडणीची शक्यता, तिचा खर्च आणि लोटणाऱ्या वर्षांचा परिणाम शुद्ध मराठीत सांगावा, आणि कागदावर द्यावा. प्रत्येक महसुली विभागात किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही जोडणी मोफत व्हावी, आणि तिची प्रतीक्षायादी जाहीर असावी. आपल्या रुग्णालयांनी शासनाची वाट न पाहता आरंभ करावा. प्रत्येक धर्मग्रामाच्या कुटुंबसेवा विभागाकडे निदान एका विश्वासू डॉक्टरचा पत्ता असावा, आणि तो विचारणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.

कापणाऱ्यांनी जोडण्याची जबाबदारी टाळली, हा त्यांचा दोष. कापू नका म्हणणाऱ्यांनीही ती टाळली, तर त्या दोषात आपलाही वाटा राहील.