कायदा मराठीचा, कागद अजून इंग्रजीच!



२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईचा गिरणी कामगार कौन्सिल हॉलवर चालून गेला, तो कशासाठी? मुंबईसह मराठी राज्य व्हावं आणि राज्याचा कारभार गरिबाला त्याच्या भाषेत कळावा, यासाठी. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ जणांचं रक्त सांडलं. १ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६४ साली राजभाषेचा कायदाही झाला. पण त्यात एक भोक राहिलं. नगरपालिका, महापालिका, महामंडळं यांचा त्यात स्पष्ट उल्लेखच नव्हता. साहेबलोकांनी ते भोक बरोबर हेरलं आणि इंग्रजी कागद धाडत राहिले.

ते बुजवायला ५८ वर्षं लागली. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या वेळचे मराठी भाषामंत्री सुभाष देसाई यांनी वेगळं बिल पुढं रेटलं. अधिवेशनाचे शेवटचे दिवस म्हणजे गिरणीत पाळी सुटतानाची धांदल. बिलांची रांग लागलेली. अधिवेशन उठलं म्हणून बिल मरत नाही, पण पुढच्या अधिवेशनापर्यंत लोंबकळत पडतं. देसाई विधान परिषदेचे सभासद. मंत्री म्हणून दोन्ही सभागृहांत बोलता येतं, पण विधानसभेत मत देता येत नाही. तिथं दुसऱ्यांच्या मतांवरच बिल पार न्यायचं. २४ मार्चला ते एकमतानं पास झालं. २५ ला अधिवेशन उठलं. या कामाची शाबासकी आम्ही देतो, पक्ष कुठला का असेना.

पण आमचा रोकडा सवाल आहे. सगळ्यांचं एकमत होतं, तर ५८ वर्षं अडलं कुणासाठी? ज्याला कुणाचाच विरोध नाही, ते काम शेवटच्या दोन दिवसांवर का येतं?

आणि पास होऊन तरी काय? कायदा झाल्यावरची गोष्ट. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याला एका कचेरीचा इंग्रजी कागद आला. चौथी शिकलेला गडी. त्यानं कागदाची घडी करून देवापाशी ठेवली. पोरगं सुट्टीला आलं, त्यानं वाचून दाखवला, तवा कळलं की हरकतीची मुदत चार दिवसांमागंच सरली. राहत्या जागेचा मामला होता. मंत्रालयातला कायदा त्याच्या उंबऱ्यापर्यंत आलाच नाही.

वैरागकरांनो, आता आपल्या गावाला नगरपंचायत आहे. म्हणजे हा कायदा आपल्या दारातला आहे. इंग्रजी कागद आला तर गप बसू नका. मराठी प्रत लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर सोलापूरला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी भाषा समिती आहे, तिच्याकडं तक्रार करा. एकट्यानं जमत नसेल तर युनियनकडं या, चौघं मिळून जाऊ.

आणि आमदार मतं मागायला आले की त्यांच्या हातात तो इंग्रजी कागद ठेवा. बिलाला हात वर केला म्हणून त्यांचं काम संपलेलं नाही. कायदा त्यांनी केला, तो चालतो की नाही हेही त्यांनीच बघायचं. आणि ते बघतात की नाही, हे आपण!

जय महाराष्ट्र!